गोव्यात लाकडी होडी बांधताय? मग परवडणारं इपॉक्सी असं निवडा

बारा फुटांची प्लायची होडी बांधायची म्हटलं की लाकूड, प्लाय, सुताराची मजुरी हा खर्च लगेच मांडला जातो, पण इपॉक्सीचा (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट माल) आकडा बऱ्याच जणांना काम अर्ध्यावर आल्यावर कळतो, आणि तेव्हा मग बाहेरून मागवलेलं मरीन इपॉक्सी परवडत नाही म्हणून जे हाताला लागेल ते आणलं जातं. कोणी आर्ट रेझिन आणतो, कोणी फायबरच्या कारखान्यातून पॉलिएस्टर उचलतो. मला मनापासून वाटतं की चांगली होडी बांधायला महागडं परदेशी किट लागत नाही, आपल्याकडे देशात बनणाऱ्या मालातून ती व्यवस्थित होते, फक्त काय घ्यायचं ते कळलं पाहिजे.

आणि कळायची गोष्ट मुळात एकच आहे. रेझिनचा डबा बघून भाव करू नका, हार्डनर बघा. कारण साधं आहे, बाजारातल्या बहुतेक इपॉक्सी रेझिनचा पाया तोच असतो, बिसफेनॉल-ए चं द्रव रेझिन, कोणी त्यात पातळ करायला काही घालतो कोणी घालत नाही. फरक पडतो तो हार्डनरने. किती वेळ हातात राहणार, दमट हवेत वर चिकट थर येणार का, उन्हात मऊ पडणार का, ठिसूळ होणार का, हे बहुतेक सगळं हार्डनर ठरवतो. आणि गोव्यात ऊन पण आहे आणि दमटपणा पण आहे, त्यामुळे थंड देशातल्या माणसाला चाललेली जोडी आपल्याला चालेलच असं नाही.

आधी किती लागेल ते काढा

हे काढल्याशिवाय दुकानात जाऊ नका. साधारण बारा फुटी, टाके घालून पुट्टीने जोडायच्या प्रकारची होडी धरू. बाहेरचं क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटरच्या आसपास येतं. त्यावर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) ग्लास कापड घालायचं तर कापड भिजवायला जवळपास कापडाच्या वजनाइतकंच रेझिन जातं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, आणि मग विणीची भोकं भरायला दोन-तीन हात, अजून ३०० ग्रॅम धरा. एकूण झालं पावणेतीन किलो. आतून कापड नाही, नुसते तीन हात, ते झाले दोन किलोच्या आत.

आता पुट्टी, म्हणजे इपॉक्सीत भुसा वगैरे घालून केलेला जाड लगदा. दोन फळ्यांच्या कोपऱ्यात जी गोलाई भरतो ती २५ मिलीमीटर त्रिज्येची असेल आणि कोपरा काटकोनी असेल तर मीटरला साधारण १३४ मिलीलीटर पुट्टी लागते. तळाचे सांधे काटकोनापेक्षा उघडे असतात तिथे कमी, म्हणून सरासरी १०० धरा. आडव्या फळ्या, बसायच्या जागा धरून २० मीटर सांधे झाले तर दोन लिटर पुट्टी, त्यातलं रेझिन सव्वा-दीड किलो. वरच्या पट्ट्या आणि चिकटवायचं काम मिळून अजून एक किलो. वाया जाणारं, ब्रशला राहणारं, डब्यात गरम होऊन फेकावं लागणारं धरलं की आठ-नऊ किलो. एवढा आकडा हातात असला की पाव किलोच्या किटांचा नाद आपोआप सुटतो.

काय घ्यायचं नाही

पॉलिएस्टर रेझिन. बेतूलपासून शापोऱ्यापर्यंत फायबरच्या होड्या दिसतात त्या याच्याच, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट घालून मॅटवर मारतात, आणि साच्यातल्या फायबरच्या होडीला ते उत्तम आहे. पण लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही. लाकूड ओलं-सुकं होऊन हलतं, पॉलिएस्टर तेवढं हलत नाही, आणि दोनेक पावसाळ्यांत कापड पापुद्र्यासारखं सुटायला लागतं, आत पाणी राहतं आणि प्लाय कुजतो. किलोमागे वाचलेले पैसे तिथे जातात. एक लक्षात ठेवा, जुन्या पॉलिएस्टरवर घासून इपॉक्सी मारलेलं चालतं, उलटं करू नका.

आर्ट रेझिन, टेबल ओतायचं रेझिन. काचेसारखं दिसतं, वास नाही, पटकन मिळतं, म्हणून मोह होतो. यातलं जे जाड ओतायचं असतं ते इतकं संथ असतं की पातळ थरात नीट वाळतच नाही. आणि बरेच प्रकार कमी तापमानाला मऊ पडतात, घरातल्या टेबलाला काय फरक पडतो, पण मे महिन्यात रेतीवर पालथी घातलेली गडद रंगाची होडी हात लावून बघा, ६० डिग्रीच्या वर सहज जाते.

तिसरं, पवनचक्कीच्या पात्यांसाठी वगैरे आलेलं इन्फ्यूजन रेझिन कधीकधी उरलेलं स्वस्तात मिळतं. ते खूप पातळ असतं, उभ्या बाजूवरून ओघळतं, आणि बहुतेकांना नंतर ७० डिग्रीच्या आसपास भाजावं लागतं तेव्हा ताकद येते. नुसत्या खोलीच्या तापमानावर सोडलं तर अर्धवट राहतं आणि ठिसूळ होतं. काळ्या प्लास्टिकचा तंबू करून उन्हात तापवणारे आहेत, तसं करता येतं, पण पहिल्याच होडीला हा उपद्व्याप नको.

आणि फॅब्रिकेशनच्या दुकानातली छोट्या ट्यूबवाली पाच मिनिटांची इपॉक्सी, ती टाचायला ठीक आहे, सांध्याला नाही.

हार्डनरचे प्रकार, इथे जरा थांबून वाचा

सगळ्यात सहज मिळणारी देशी जोडी म्हणजे अराल्डाइट एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१, किंवा गुजरातच्या अतुल कंपनीचं लॅपॉक्स एल-१२ आणि के-६. इंजिनिअरिंग कॉलेजात कंपोझिटचे नमुने करतात ते बहुतेक यांचेच. वजनाने १०० ला १० असं प्रमाण. हा हार्डनर टीईटीए नावाचा साधा अमाइन. स्वस्त, पक्का वाळतो. पण होडीसाठी तीन अडचणी. एक, पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर डब्यात कामाला मिळणारा वेळ, कमी, आणि दर दहा डिग्रीला वेळ साधारण निम्मा होतो हे धरलं तर डेटाशीटवर २५ डिग्रीला लिहिलेला अर्धा तास आपल्या ३३ डिग्रीच्या शेडमध्ये फार तर पंधरा-वीस मिनिटं उरतो. दोन, दमट हवेत वर मेणचट थर येतो, त्याला ब्लश म्हणतात, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांची अमाइनशी क्रिया होऊन. तीन, रेझिन जाड, २५ डिग्रीला दहा-बारा हजार सेंटिपॉइज (घट्टपणाचं माप) म्हणजे मधासारखं, कापडात शिरायला वेळ घेतं. आणि या सगळ्याच्या वर १०० ला १० हे प्रमाण स्वतःच एक धोका आहे. १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर, काटा एक ग्रॅमचा असेल तर एका ग्रॅमची चूक म्हणजे हार्डनरमध्ये दहा टक्के चूक. १०० ला ५० च्या जोडीत तीच एका ग्रॅमची चूक दोन टक्के. म्हणून ही जोडी घ्यायची असेल तर ०.१ ग्रॅमचा काटा आधी घ्या, सोनाराकडे असतो तसला, तो काही फार महाग नाही.

दुसरा प्रकार पॉलिअमाइड. रंगाच्या आणि प्रायमरच्या धंद्यात वर्षानुवर्षं वापरतात. प्रमाण १०० ला ५० पासून १०० ला १०० पर्यंत, म्हणजे मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. लवचिक असतो, ओलाव्याला कमी घाबरतो, लाकडाला छान धरतो, वेळ भरपूर देतो. वाईट काय तर जाड, कापड भिजवताना हात दुखतो, आणि पूर्ण कडक व्हायला दिवस लागतात. चिकटवायला आणि पुट्टीला मात्र मला हाच सगळ्यात आवडतो.

तिसरा, सायक्लोअ‍ॅलिफॅटिक, फ्लोअरिंगवाले वापरतात तो. साधारण १०० ला ५०, पातळ, पारदर्शक, ब्लश कमी. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांची फरशी करणारे ठेकेदार हाच माल आणतात, त्यामुळे गोव्यात मिळायला सोपा. यात बेंझिल अल्कोहोल घातलेलं असतं, ते जास्त असेल तर उष्णतेला मऊ पडतो, म्हणून खाली सांगितलेली उन्हाची परीक्षा याला नक्की द्या. पास झाला तर कापड घालायला आणि हात मारायला हा पैशाच्या मानाने खूप चांगला.

चौथा आपल्या जवळचा आहे. काजूच्या टरफलातून जे तेल निघतं त्यातल्या कार्डेनॉलपासून फिनालकमाइन नावाचे हार्डनर बनतात, आणि कार्डोलाइट कंपनीचा कारखाना मंगळूरलाच आहे. आपल्याकडे जुनी माणसं होडीच्या लाकडाला तेच टरफलाचं तेल लावायची, पाणी आणि कीड लागू नये म्हणून. फिनालकमाइन दमट हवेत सुद्धा वाळतो, ब्लश जवळजवळ नाही, खाऱ्या पाण्याला टिकतो, म्हणून जहाजांच्या रंगात वापरतात. रंग लालसर तपकिरी, त्यामुळे वॉर्निश करून लाकूड दाखवायचं असेल तर नको, रंग मारायचा असेल तर काहीच फरक पडत नाही. फक्त मागताना जास्त पॉट लाइफवाला मागा, कारण यातले बरेच थंडीत सुद्धा वाळावेत म्हणून बनवलेले असतात, ते आपल्या उकाड्यात डब्यातच उकळतात. छोट्या पॅकमध्ये मिळवायला जरा शोधावं लागतं, पण पावसात काम करायचंच असेल तर हाच शोधा.

वेस्ट सिस्टीमसारखं परदेशी घेऊच नका असं मी म्हणत नाही. त्यांचा २०९ हार्डनर खास उकाड्यासाठी आहे आणि तो खरंच चांगला आहे. पण आयात, भाडं, सगळं धरून आठ-नऊ किलोचा हिशोब करा आणि मग ठरवा.

डेटाशीट मागा, आणि यात हे बघा

जो दुकानदार डेटाशीट देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, सरळ. घट्टपणा मिश्रणाचा बघा, नुसत्या रेझिनचा नाही, कापडासाठी ५०० ते १५०० सेंटिपॉइजच्या मध्ये असला की हात सुखात. पॉट लाइफ किती ग्रॅमला आणि किती डिग्रीला ते वाचा. उष्णतेला वाकायचं तापमान, म्हणजे एचडीटी किंवा टीजी, ५० च्या खाली असेल तर सोडून द्या, ६० असेल आणि होडी पांढरी रंगवणार असाल तर आरामात चालेल. ताणाची टक्केवारी, म्हणजे तुटायच्या आधी किती ताणतो, ४-५ तरी हवी, दीड-दोन टक्के म्हणजे ठिसूळ. आणि सॉलिड्स (उडून न जाता मागे राहणारा भाग) १०० टक्के लिहिलेलं पाहिजे. थिनर घालून पातळ केलेला माल वाळताना आकसतो आणि सूक्ष्म भोकं ठेवतो, तिथूनच पाणी शिरतं. सुरक्षेची शीट पण मागा, हार्डनरमध्ये एमडीए किंवा डीडीएम असं काही दिसलं तर तो कॅन्सरच्या धोक्याचा पदार्थ आहे, घरच्या शेडमध्ये नको.

भावाचा हिशोब मिश्रणावर

सप्लायर फोनवर रेझिनचा भाव सांगतो, हार्डनरचा विचारल्यावर सांगतो. समजा (आकडे फक्त हिशोब दाखवायला) एकाचं रेझिन ४५० आणि हार्डनर ९००, प्रमाण १०० ला ५०. दुसऱ्याचं रेझिन ५५० आणि हार्डनर ७००, प्रमाण १०० ला १०. पहिला स्वस्त वाटतो ना? पण मिश्रणाचा किलो पहिल्याचा ६०० पडतो आणि दुसऱ्याचा ५६४. सूत्र सोपं, रेझिनचा भाव गुणिले १०० अधिक हार्डनरचा भाव गुणिले त्याचं प्रमाण, भागिले दोघांची बेरीज. त्यात जीएसटी आणि गाडीभाडं घाला. लिटरवर विकत असेल तर लिटरचं रेझिन साधारण १.१ ते १.१५ किलो भरतं हे पण धरा.

भाडं हा गोव्यात खरा मुद्दा आहे. हार्डनर जळजळ करणारं केमिकल, बरेच कुरियर घेत नाहीत, मुंबई-बेळगाव-कोल्हापूरहून ट्रान्सपोर्टने येतो आणि एका डब्याला आणि पाच डब्यांना भाडं जवळपास सारखंच. दोन-तीन जणांनी मिळून मागवलं तर किलोमागे चांगला फरक पडतो. डबा फोडून भरलेला हार्डनर मात्र टाळा, तो उघडा राहिला की हवेतला ओलावा ओढतो.

आधी एक-एक किलो आणा आणि परीक्षा घ्या

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात जास्त पैसे वाचवतं.

पहिलं, १०० ग्रॅम मिश्रण डब्यात करून दुपारी शेडमध्ये ठेवा, घड्याळ लावा. गरम व्हायला किती मिनिटं लागली ती तुमची खरी पॉट लाइफ. अर्ध्या तासाच्या वर असेल तर उत्तम. कमी असेल तर मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायची सवय लावा, ढिगात ते स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं जातं, पसरलं की वेळ वाढतो.

दुसरं, प्लायच्या तुकड्यावर पातळ हात मारून रात्रभर बाहेर पडवीत ठेवा, दमट रात्र असेल तर अजून चांगलं. सकाळी ओलं बोट फिरवा. साबणासारखं बुळबुळीत लागलं तर ब्लश आहे. याने जोडी बाद होत नाही, पण प्रत्येक हाताच्या मध्ये साध्या पाण्याने आणि हिरव्या स्क्रबरने धुवावं लागेल, घासायच्या आधी धुवायचं, नाहीतर कागद भरतो आणि तो थर आतच चोळला जातो. थिनरने पुसून तो जात नाही.

तिसरं, दोन प्लायच्या पट्ट्या एकावर एक इंचभर चढवून चिकटवा, आठवडाभर ठेवा आणि मोडा. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. तशीच एक जोडी दोन-तीन तास उकळा, थंड होऊन सुकू द्या, मग मोडा. सागवान वापरणार असाल तर त्याची वेगळी परीक्षा घ्या, ते तेलकट, ताजं घासून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवायचं.

चौथी उन्हाची, गोव्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. तशीच चिकटवलेली पट्टी काळी रंगवा, सांध्याच्या कडेवर आडवी पांढरी रेघ मारा जी दोन्ही पट्ट्यांवरून जाईल, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टांगून खाली विटा लटकवा. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली, म्हणजे दोन तुकडे सरकलेले, तर तो हार्डनर आपल्या उन्हाचा नाही. अर्धा मिलीमीटर सरकलं तरी नको.

पाचवं, एका पसरट झाकणात मोजून २० ग्रॅम मिश्रण ओता आणि आठवड्याने परत तोला. वजन ठळक घटलं म्हणजे आत थिनर होतं, शीटवर काही लिहिलेलं असो.

कधी काम करायचं

जून-जुलै मासेमारी बंद म्हणून बऱ्याच जणांना तेव्हाच होडी दुरुस्त करायला सवड मिळते, आणि इपॉक्सीला तेच दिवस सगळ्यात वाईट. पावसात प्लायमध्ये ओलावा चढतो, १२ टक्क्यांच्या आत असलेलं लाकूड बरं. चवथ झाली, पाऊस ओसरला की लाकूड घरात पंख्याखाली सुकवायला घ्या आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम करा. पावसात करायचंच तर ताडपत्रीचा तंबू, आत एक-दोन मोठे बल्ब रात्रभर. आपल्या दिवाडीवरच आयएनएसव्ही म्हादेई बांधली गेली, लाकडाचा गाभा आणि फायबरग्लास, २००९ मध्ये ती नौदलात आली आणि तीवरून दिलीप दोंदे आणि नंतर अभिलाष टॉमी एकटे पृथ्वीला फेरी मारून आले. म्हणजे मांडवीकाठची हवा आड येत नाही, ती सांभाळून घेता आली पाहिजे एवढंच.

दिवसाची वेळ पण बघा. उघड्या लाकडावर पहिला हात तापमान उतरायला लागलं की मारा, दुपारी चार-पाचनंतर. सकाळी मारलात तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे वर येतात.

वापरताना

प्रमाण कमी-जास्त करून लवकर वाळवायचा प्रयत्न कधीच करू नका, हे पॉलिएस्टरचं कॅटॅलिस्ट नाही, इथे जास्तीचा हार्डनर तसाच मऊ राहतो. दोन-तीन मिनिटं ढवळा, कडा-तळ खरवडून, मग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून परत ढवळा.

कापड विणलेलं घ्या, इपॉक्सीला चालणाऱ्या फिनिशचं. चॉप मॅटचा (तुटक धाग्यांची मॅट) बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, ती ताठच राहते. पुट्टीला सुताराकडचा बारीक भुसा चाळून आणि थोडं कॅबोसिल (सिलिकाची अगदी हलकी पूड), बस, हे स्वस्त आणि मजबूत. मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) फक्त वरच्या सारवणीला, सांध्याला नाही. प्लाय आयएस ७१० चाच (मरीन प्लायचं भारतीय मानक) घ्या, इपॉक्सीवर पैसे घालून आत साधा कमर्शियल प्लाय ठेवण्यात अर्थ नाही.

हातमोजे नायट्राइलचे, नेहमी. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर जात नाही, मग होडीकाम बंद. अंगाला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने नाही, थिनर ते कातडीच्या आत ढकलतं. कॅबोसिल मिसळताना आणि अर्धवट वाळलेलं घासताना मास्क लावा.

शेवटी रंग. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि मग भुकटी होते, त्यामुळे उघडी ठेवायची नाही. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग चांगला बसतो, साधा ऑइल पेंट ताज्या इपॉक्सीवर कधीकधी वाळतच नाही, म्हणून आठवडा-दोन आठवडे थांबा, धुवा, घासा, आधी तुकड्यावर लावून बघा. बाहेरून पांढरा किंवा फिकट रंगच घ्या.